गुळगुळीत म्हणजे चांगले? : ‘रनिंग-इन’ची गोष्ट

घरात नवी स्कूटर किंवा मोटार आली की एके काळी पहिला महिनाभर साऱ्या घराची नजर तिच्या वेगाच्या काट्यावर असे. ‘अजून रनिंग-इन चालू आहे, चाळिसाच्या वर नेऊ नकोस,’ असे वडीलधारे बजावत. ब्रिटनमध्ये तर अशा गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन चालू आहे, कृपया पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावत. रीबोअर करून आणलेल्या जुन्या इंजिनालाही हेच पथ्य असे. पण पैसे मोजून घेतलेले नवे यंत्र इतके जपायचे कशासाठी? कारखान्यातून ते पूर्ण होऊन आलेले नसते का?

बराच काळ ते तसे नसे. इंजिन घडवण्याचे अखेरचे काम गाडीचा मालकच रस्त्यावर करत असे. हे काम त्याच्याकडे कसे आले आणि पुढे ते कारखान्यात परत कसे गेले, हे पाहू लागलो की घर्षणाबद्दल आपण वर्गात सांगतो ते एक वाक्यही तपासून घ्यावे लागते.

सुरुवात वाफेच्या इंजिनापासून करू. १७१२ साली थॉमस न्यूकमेन यांनी इंग्लंडमध्ये खाणीतील पाणी उपसणारे इंजिन उभारले. त्याचा सिलिंडर आतून ओबडधोबड होता. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवण्यासाठी दट्ट्याच्या कडेला चामडे लावत आणि वरून पाणी सोडत. जेम्स वॉट यांना अधिक काटेकोर सिलिंडर हवा होता. तो जॉन विल्किन्सन यांच्या कातकाम यंत्राने दिला. ५० इंच, म्हणजे सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या एका सिलिंडरात कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७६ साली कौतुकाने लिहिले होते. शिलिंगच्या नाण्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास! आजच्या मोटारीचा सिलिंडर एवढा चुकला तर इंजिन चालणारच नाही. वॉट यांचे चालले, कारण त्यांच्या दट्ट्याभोवती चरबीत भिजवलेल्या तागाचा भराव असे. मऊ भराव दाबला जातो, पसरतो आणि सिलिंडरचा आकार घेतो.

पुढे इंजिने वेगवान झाली, वाफेचा दाब वाढला आणि तागाचा भराव पुरेना. १८५२ साली इंग्लंडमधील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम यांनी धातूची, एका ठिकाणी कापलेली कडी वापरली. मोकळी असताना ती सिलिंडरपेक्षा किंचित मोठी असते. आत बसवली की स्प्रिंगसारखी बाहेर रेटत राहते. १८५४ साली त्यांनी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे तिच्याविषयी निबंध वाचला. आजच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांतली ‘पिस्टन रिंग’ याच कल्पनेतून आली आहे.

या सोयीबरोबर एक नवी अडचण आली. धातू तागासारखा आकार बदलून घेत नाही. कडी आणि सिलिंडर एकमेकांना घासून थोडे झिजतील, तेव्हाच त्यांची बैठक जमणार. मेकॅनिक मंडळी नव्या इंजिनाला ‘अजून घट्ट आहे, मोकळे होऊ दे’ म्हणतात, ते यामुळेच.

ही झीज नेमकी कुठे होते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. घर्षण संपर्काच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे फ्रान्समध्ये गियोम आमोंतोन यांनी १६९९ सालीच सांगितले होते. वीट आडवी ठेवा की उभी, घर्षण जवळजवळ तेवढेच. हे कोडे उलगडले ते केंब्रिजमध्ये फ्रँक बोडेन आणि डेव्हिड टेबर यांनी १९३० नंतरच्या दशकांत केलेल्या प्रयोगांमुळे. आरशासारखा दिसणारा धातूसुद्धा सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांनी भरलेला असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवणे म्हणजे स्वित्झर्लंड उलटे करून ऑस्ट्रियावर ठेवणे, अशी उपमा बोडेन देत. आपण सातपुड्यावर उलटा सह्याद्री ठेवू. टेकतात ती फक्त शिखरे. खरे संपर्कक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राच्या अगदी छोट्या अंशाइतके असते आणि सगळा भार तेवढ्यावरच येतो.

नव्या सिलिंडरात हेच घडते. शिखरे आधी घासली जातात. वेग आणि भार एकदम वाढवला तर तेथे इतकी उष्णता निर्माण होते की वंगणाचा थर तुटतो, धातू धातूला चिकटतो आणि ओरखडे उठतात. प्रकरण हाताबाहेर गेले तर दट्ट्या अडकून बसतो. म्हणून वेगावर बंधन. बेताने चालवले तर शिखरांचे माथे सपाट होतात, भार अधिक जागेवर पसरतो आणि झीज आपोआप मंदावते. झडलेला धातूचा कीस तेलात उतरतो. पहिले तेल लवकर बदलत ते यासाठी.

मग सगळेच घासून आरशासारखे का करू नये? ‘घर्षण कमी करण्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत करतात,’ असे आपण मुलांना सांगतोच. इथेच हे वाक्य अपुरे पडते. सिलिंडरच्या भिंतीवरील सूक्ष्म दऱ्यांत तेल साठते. त्या बुजल्या तर तेल टिकायला जागाच उरत नाही. अमेरिकेत १९३३ साली अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी पृष्ठभागाच्या कोणत्या खोलीवर किती धातू आहे हे दाखवणारा आलेख मांडला. त्यामुळे ‘खडबडीत की गुळगुळीत’ या प्रश्नाऐवजी ‘माथे किती सपाट, दऱ्या किती खोल’ असा अधिक नेमका प्रश्न विचारता येऊ लागला.

कारखान्यांनी पुढे याच प्रश्नाचे उत्तर यंत्रावर आणले. सिलिंडर कातून झाला की घासणाऱ्या दगडांनी त्यावर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम ओढतात. याला ‘होनिंग’ म्हणतात. त्यानंतर अधिक मऊ हाताने फक्त माथे कापतात. वर पठार, खाली तेलाच्या चऱ्या. मालक शेकडो मैल गाडी हळू चालवून जे साधत असे, त्याचा मोठा भाग अशा रीतीने कारखान्यातच होऊ लागला.

मात्र कारणे बदलली तरी नियम मागे रेंगाळतात. रीबोअर केलेले इंजिन जपायचे म्हणून काही जण ते महिनोन्‌महिने अगदी हलक्या भारावर चालवतात आणि धूर व तेलाचा खप कमी होईना म्हणून मेकॅनिकला दोष देतात. कडीला भिंतीवर रेटण्याचे काम केवळ तिचा स्प्रिंगसारखा ताण करत नाही; जळलेल्या वायूचा दाबही कडीमागे शिरून तिला रेटतो. भार फारच कमी असेल तर हा रेटा कमी पडतो. कडी नीट बसत नाही आणि भिंतीवर चकचकीत थर चढून दऱ्या बुजतात. डिझेल इंजिनांत हे विशेष दिसते. म्हणून आजच्या अनेक माहितीपुस्तिका पहिल्या प्रवासात पूर्ण जोर लावू नका असे सांगतात, तसेच सतत एकाच वेगाने चालवू नका, वेग आणि भार बदलता ठेवा, असेही सांगतात. फार छळू नये आणि फार लाडही करू नयेत.

वर्गात हे सहज दाखवता येईल. विटेचे दोन तुकडे घ्या. एकाच्या सपाट बाजूला ओल्या खडूचा दाट लेप लावा आणि दुसरा त्यावर हलकेच टेकवून उचला. दुसऱ्यावर किती ठिपके उमटले ते मुलांना मोजू द्या. मग दोन्ही तुकडे धुऊन पाच मिनिटे एकमेकांवर घासा, भुकटी झटका आणि पुन्हा ठसा घ्या. ठिपके मोठे होऊन एकमेकांना मिळू लागलेले दिसतील. दोन ठशांच्या मधल्या त्या पाच मिनिटांना काय म्हणायचे, हे मुलांनाच विचारा. आणि घासून पडलेली विटेची भुकटी फेकू नका. नव्या इंजिनाचे पहिले तेल का बदलायचे, याचे उत्तर तीच देईल.