मायकोरायझा

मायकोरायझा म्हणजे मातीतील कवके आणि वनस्पतींची मुळे यांचे सहजीवन होय. मराठीत यास ‘कवकमूळ’ असे म्हणता येते. कवक मातीतील पाणी आणि खनिजे, विशेषतः स्फुरद, मुळांपर्यंत पोहोचवते. त्याच्या मोबदल्यात वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेली शर्करा व मेद कवकास पुरवते. भूवनस्पतींच्या बहुसंख्य जाती या सहजीवनावर कमी-अधिक प्रमाणात अवलंबून असतात. वणवा, अतिचराई, वृक्षतोड व खाणकाम यांमुळे बिघडलेल्या वनांत झाडे पुन्हा उभी राहतील की नाही, हे ठरविणाऱ्या घटकांपैकी हा एक आहे.

नाव व इतिहास

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ साली ही संज्ञा रूढ केली. ग्रीक भाषेतील ‘मायकेस’ (कवक) आणि ‘रायझा’ (मूळ) या शब्दांपासून ती बनली आहे. मुळांवरील कवक हा रोग नसून ते झाडाला पोसणारे आहे, हे फ्रांक यांचे मत त्या काळी अनेकांना पटले नव्हते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत अशा सहजीवनाच्या खुणा आढळल्या आहेत. त्यामुळे वनस्पती जमिनीवर स्थिरावण्यात या कवकांचा वाटा असावा, असे मानले जाते.

प्रकार

वनांच्या दृष्टीने दोन प्रकार महत्त्वाचे आहेत.

आर्बस्क्युलर मायकोरायझा: यातील कवक मुळांच्या पेशींत शिरून झुडपासारख्या सूक्ष्म शाखा निर्माण करते. याच शाखांमधून देवाणघेवाण होते. साग, बांबू, मोह, तेंदू, ऐन या वृक्षांत तसेच बहुतेक पिकांत हा प्रकार आढळतो. या कवकांना छत्री येत नाही. त्यांचे बीजाणू मातीतच तयार होतात.

एक्टोमायकोरायझा: यातील कवक पेशींत न शिरता मुळांच्या टोकांभोवती आवरण तयार करते. वनस्पतींच्या सुमारे २ टक्के जातींतच हा प्रकार असला, तरी साल, चीड, देवदार, ओक यांसारखे वने व्यापणारे वृक्ष त्यांत मोडतात. बस्तरच्या सालवनांत पावसाळ्याच्या आरंभी मिळणारे ‘बोडा’ हे खाद्य कवक याच गटातील होय. विदर्भात वारुळांवर उगवणाऱ्या खाद्य छत्र्या मात्र वाळवीशी संबंधित असून त्या मायकोरायझा नव्हेत.

कार्य

स्फुरद मातीत फारसा हलत नाही. लोहयुक्त तांबड्या मातीत तर तो लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो. मुळाच्या लगतचा स्फुरद संपला की मूळ उपाशी राहते. मुळाच्या केसापेक्षाही बारीक असलेले कवकतंतू त्या रित्या पट्ट्यापलीकडे पोहोचतात. हे तंतू मातीचे कण एकत्र धरून ठेवत असल्यामुळे उतारावरील धूपही कमी होते.

विस्कळीत वनांतील परिणाम

कवकतंतू व बीजाणू मुख्यतः मातीच्या वरच्या थरात असतात आणि हाच थर प्रथम नष्ट होतो. तीव्र वणव्यात तो तापतो, गुरांच्या व यंत्रांच्या वर्दळीने दडपला जातो, उघड्या उतारावरून वाहून जातो, तर खाणीत खालच्या खडकाच्या ढिगाऱ्याखाली गाडला जातो. एक्टोमायकोरायझाचे बीजाणू छत्र्यांतून वाऱ्यावर पसरू शकतात. आर्बस्क्युलर कवकांचे बीजाणू मात्र प्रामुख्याने पाणी, वाहून जाणारी माती व लहान प्राणी यांच्याद्वारे हळूहळू पसरतात. त्यामुळे उजाड जागी रोप लावले, तरी त्याचा सोबती तेथे नसण्याची शक्यता असते. प्वेर्तो रिको बेटावर चीडची लागवड वारंवार फसत होती. विसाव्या शतकाच्या मध्यास कवकयुक्त माती आणून घातल्यावरच ती तग धरू लागली.

पूर्व विदर्भातील स्थिती

भंडारा जिल्ह्यातील वने शुष्क पानझडी प्रकारची असून साग, बांबू, मोह, तेंदू, ऐन हे येथील प्रमुख वृक्ष आहेत. म्हणजेच तुमसर तालुक्यातील अंबागडच्या टेकड्यांपासून गायखुरीच्या डोंगररांगेपर्यंत आर्बस्क्युलर प्रकाराचे प्राबल्य अपेक्षित आहे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची प्रथा हे येथील उन्हाळी वणव्यांचे एक कारण आहे. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या भातशेतीच्या गावांत शेत व वन यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. पाणी साचलेल्या बांधीत ही कवके क्षीण होतात; बांधावरील तूर आणि भातानंतरची लाखोळी या पिकांच्या मुळांवर ती वाढू शकतात.

तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. अशा खाणींच्या ढिगाऱ्यांत सेंद्रिय द्रव्य, नत्र व स्फुरद अत्यल्प असतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर वनीकरणाचा प्रयोग केला. त्यात साखर कारखान्यातील मळी, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मायकोरायझाचे बीजाणू यांचा एकत्रित वापर करण्यात आला व ढिगाऱ्यावर वृक्षाच्छादन निर्माण झाले. हे यश एकट्या कवकाचे नव्हते. सेंद्रिय द्रव्याशिवाय केवळ बीजाणू टाकून असा परिणाम अपेक्षिता येत नाही.

मर्यादा व मतभेद

आर्बस्क्युलर कवके जिवंत मुळांवाचून वाढत नसल्याने त्यांचे संवर्धन बहुधा कुंडीतील यजमान रोपांवर करावे लागते. स्फुरदयुक्त खत भरपूर दिल्यास झाडाला कवकाची गरज उरत नाही व सहजीवन मंदावते. बाहेरून आणलेले कवक प्रत्येक जागी उपयुक्त ठरतेच असे नाही. जवळच्या सुस्थितीतील वनातील थोडी माती रोपवाटिकेत मिसळणे हा साधा पर्याय असतो, मात्र तीतून रोग व तणही येऊ शकतात.

कॅनडातील सुझान सिमर्ड व सहकाऱ्यांनी १९९७ साली कवकजाळ्याने जोडलेल्या दोन जातींच्या झाडांत कार्बनची देवाणघेवाण झाल्याचे दाखविले. त्यावरून झाडे परस्परांना मदत करतात, ही कल्पना लोकप्रिय झाली. तथापि २०२३ साली जस्टीन कार्स्ट व सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन अशा अनेक दाव्यांना प्रत्यक्ष वनातील पुरेसा आधार नसल्याचे मत मांडले. झाड व कवक यांतील देवाणघेवाण मात्र निर्विवाद आहे. मातीचा वरचा थर जपणे, खाणकामापूर्वी तो वेगळा काढून पुन्हा वापरणे आणि वणवे रोखणे हे उपाय या सहजीवनाच्या रक्षणासाठी आवश्यक मानले जातात.