रात्र, चोर आणि कायदा

घरात शिरलेल्या चोराचा जीव घेण्याचा अधिकार घरमालकाला असावा काय? हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. पूर्व ४५० च्या सुमारास रोममध्ये झालेल्या 'बारा पाट्यां'च्या कायद्याने त्याचे उत्तर दिले होते. रात्रीच्या चोराला ठार मारले तर तो गुन्हा नव्हे. दिवसा मात्र चोराने शस्त्र चालवले तरच मुभा. बायबलच्या जुन्या करारातील निर्गम ग्रंथही असाच भेद करतो. सूर्य उगवल्यावर चोराला मारले तर मारणाऱ्यास रक्तदोष लागतो.

हा भेद कशासाठी? अंधारात आलेला माणूस भांडी न्यायला आला आहे की गळा कापायला, हे कळत नाही. हाकेला शेजारीही चटकन येत नाहीत. म्हणजे सूट आहे ती भयापोटी, मालाच्या किमतीपोटी नव्हे.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेने, कलम १०३ अन्वये, रात्रीच्या घरफोडीविरुद्ध प्राणघातक बचावास मुभा दिली. त्याचबरोबर कलम ९९ ने गरजेपेक्षा अधिक इजा करण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे अनुक्रमे कलम ४१ आणि ३७ मध्ये आहेत. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हा अधिकार घरातील घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो.

म्हणूनच पकडून खांबाला बांधलेल्या चोराचा जीव घेणे हा बचाव नव्हे. ती शिक्षा झाली, आणि शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. गल्लीत आरडाओरडा होतो तेव्हा आपण नेमके हेच विसरतो.