कळलावी : एका विषवल्लीची नावे आणि लोकसमजुती

नावांचा अर्थ लावताना ध्वनिसाम्यासारखा फसवा वाटाड्या दुसरा नाही. निफाड तालुक्यातील विंचूर हे नाव ऐकताच कोणालाही विंचू आठवतो. विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याने जहागिरीच्या या गावावरून विंचूरकर हे उपनाव धारण केले व पेशवाईच्या इतिहासात ते रूढ झाले. पण केवळ उच्चारसाम्यावरून गावाचा विंचवाशी संबंध सिद्ध होत नाही. गावाच्या बाबतीत हा मोह निरुपद्रवी ठरतो. विषारी वनस्पतीच्या बाबतीत तो तसा राहत नाही, हे कळलावीच्या उदाहरणावरून दिसते.

कळलावी ही पावसाळ्यात कंदातून उगवणारी वेल. तिच्या पानाचे टोकच तणाव्यासारखे वळते आणि त्याच्या आधाराने ती कुंपणावर चढते. फुलाच्या पाकळ्या सहा, मागे वळलेल्या, प्रथम पिवळ्या आणि पुढे तांबड्या होत जाणाऱ्या. कोकणात या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात व भाद्रपदातील गौरीपूजनात त्यांना स्थान आहे. तमिळ संघकाव्यातही ‘कांदळ’ या नावाने हेच फूल स्त्रीच्या बोटांचे उपमान म्हणून येते.

संस्कृत निघंटूंनी या वेलीला दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. कंद नांगराच्या आकाराचा म्हणून लांगली व हलिनी. फूल ज्वालेसारखे म्हणून अग्निशिखा व वह्निवक्त्रा. आणि परिणामावरून विशल्या व गर्भनुत्. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात यांच्याच पंक्तीत कलिहारी हे नाव बसले आहे. अन्यत्र कलिकारी असाही पाठ आढळतो. एका पाठाप्रमाणे वेल कलह हरण करते, तर दुसऱ्याप्रमाणे तो उत्पन्न करते! ज्या नावाचा अर्थ असा उलटसुलट होऊ शकतो, त्याच्या मुळाशी कोणताही प्रत्यक्ष अनुभव असणे कठीण आहे.

मराठीतील ‘कळ’ या शब्दाचीही अशीच दुहेरी गती आहे. कळ म्हणजे वेदना, विशेषतः प्रसूतीच्या कळा. आणि कळ म्हणजे भांडण, ज्यावरून ‘कळलाव्या’ हे विशेषण आले. वेलीचा कंद घरात आणला किंवा कोणाच्या घरात टाकला की तेथे भांडणे लागतात, ही समजूत दुसऱ्या अर्थावर उभी आहे. पहिल्या अर्थाला मात्र आचाराचा आधार आहे. वार अडकली असता लांगलीच्या मुळाचा कल्क बाळंतिणीच्या तळहातांना व तळपायांना लावावा, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. म्हणजे भावप्रकाशाच्या कितीतरी शतके आधी प्रसूतीशी या वेलीचा संबंध जोडला गेला होता. कलहाच्या समजुतीमागे नावापलीकडे काही दिसत नाही. ती शब्दश्लेषातून वाढली असावी, हेच अधिक संभवनीय वाटते. वेल घराबाहेर ठेवण्यास तिचा उपयोग झाला असेल. पण वर्षातून एकदा गौरीच्या निमित्ताने त्याच वेलीची फुले घरात येतात, आणि तेव्हा भांडणाची भीती कोणास वाटत नाही.

सुश्रुताने सांगितला तो बाह्य लेप होता, हा भेद महत्त्वाचा आहे. या वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन हे विष असते. गर्भपातासाठी कंद पोटात घेणाऱ्या स्त्रिया त्याला बळी पडल्या आहेत. निघंटूतील ‘गर्भनुत्’ हे नाव गर्भावरील परिणाम सांगते; मातेचे काय होते याविषयी ते मूक आहे.

आणखी एक घोटाळा नावानेच केला आहे. कळलावीला मराठीत खड्यानाग म्हणतात, तसेच बचनागही म्हणतात. आणि खरा बचनाग ही हिमालयातील अगदी निराळी वनस्पती. तिचे विष हृदयावर व मज्जातंतूंवर थोड्याच वेळात आघात करते. कोल्चिसीनचा प्रभाव काही तासांनी वांत्या व जुलाबांच्या रूपाने दिसू लागतो, रोगी सुधारल्यासारखा वाटतो, आणि नंतरच्या दिवसांत एकेक अवयव निकामी होऊ लागतो. रोग्याबरोबर आलेल्या माणसाने ‘बचनाग खाल्ला’ एवढेच सांगितले, तर वैद्याने यांपैकी कशाची वाट पाहावी, हे त्या शब्दावरून कळत नाही.