आंतिकुचो

आंतिकुचो हा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा एक लोकप्रिय खाद्यपदार्थ आहे. मसाल्यात मुरवलेले मांसाचे तुकडे काडीला ओवून कोळशाच्या निखाऱ्यांवर भाजले की आंतिकुचो तयार होतो. पारंपरिक आंतिकुचोसाठी गाय-बैलाचे हृदय वापरले जाते. बाजारात कमी मागणी असलेल्या, म्हणून स्वस्त मिळणाऱ्या मांसापासून तयार होणारा हा पदार्थ गरिबांचे अन्न म्हणून रुजला आणि पुढे राष्ट्रीय खाद्यसंस्कृतीचा भाग बनला. बोलिव्हिया व चिली या देशांतही त्याचे वेगवेगळे प्रकार प्रचलित आहेत.

नाव

हा शब्द केचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये आला असे मानले जाते. मात्र त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. 'आंती' म्हणजे अँडीज पर्वताचा पूर्वेकडील प्रदेश आणि 'कुचु' म्हणजे कापलेला तुकडा, अशी एक फोड केली जाते. दुसऱ्या मतानुसार शब्दाचा उत्तरार्ध 'उचु' म्हणजे मिरची असा आहे. हा पदार्थ विकणाऱ्या स्त्रीला 'आंतिकुचेरा' म्हणतात.

इतिहास

स्पॅनिश लोक १५३२ मध्ये पेरूत येण्यापूर्वी तेथे गाई-बैल नव्हते. लामा हा प्राणी मांसासाठी पाळला जात असे. गुरे, लसूण, जिरे आणि द्राक्षांपासून केलेला शिरका हे सर्व स्पॅनिश लोकांनी आणले. मिरची, बटाटा व मका मात्र मूळचे अमेरिका खंडातीलच होत. आजच्या आंतिकुचोमध्ये या दोन्ही परंपरांचा मेळ दिसतो.

वसाहतकाळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना लिमा शहरात व किनारपट्टीवरील मळ्यांत राबवले जाई. जनावराचे चांगले मांस मालकांच्या घरी जाई आणि हृदय, आतडी, वजडी असे भाग गुलामांच्या वाट्याला येत. या भागांना मिरची, लसूण व शिरका लावून ते चविष्ट करण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे आफ्रो-पेरूवियन समाजाला दिले जाते. पेरूमध्ये १८५४ साली रामोन कास्तिया यांच्या राजवटीत गुलामगिरी रद्द झाली. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणे हे या समाजातील अनेक स्त्रियांच्या उपजीविकेचे साधन होते. लिमातील अशा फिरत्या विक्रेत्यांची चित्रे पांचो फिएर्रो (१८०७–१८७९) या चित्रकाराने जलरंगांत रेखाटली आहेत.

लिमामध्ये ऑक्टोबर महिन्यात 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस' (चमत्कारांचा प्रभू) या उत्सवाची मोठी मिरवणूक निघते. या उत्सवातील ख्रिस्तप्रतिमेचे मूळ भित्तिचित्र १६५१ मध्ये अंगोलातून आणलेल्या एका गुलामाने काढले, अशी परंपरा आहे. मिरवणुकीच्या मार्गावर आंतिकुचोच्या शेगड्या लागतात. त्यांच्या जोडीला रताळे व भोपळा घालून तळलेली 'पिकारोनेस' ही गोड कडी विकली जातात.

साहित्य व कृती

हृदयावरील चरबी, पातळ पडदा आणि रक्तवाहिन्या काढून टाकतात. उरलेल्या मांसाचे सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे व साधारण १ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करतात. 'आही पांका' या सुकवलेल्या मिरचीची पेस्ट, शिरका, वाटलेला लसूण, जिरेपूड, मिरपूड, ओरेगानो व मीठ यांचे मिश्रण तुकड्यांना चोळून ते काही तास किंवा रात्रभर मुरत ठेवतात. आही पांका ही मिरची रंगाने गडद लाल व चवीला सौम्य असते. या बाबतीत ती ब्याडगी मिरचीच्या जवळची आहे.

काड्या जळू नयेत म्हणून त्या आधी सुमारे अर्धा तास पाण्यात भिजवतात. प्रत्येक काडीला साधारणतः तीन तुकडे ओवले जातात. प्रखर निखाऱ्यांवर प्रत्येक बाजू दोन ते चार मिनिटे भाजली जाते. भाजताना मसाला व तेल यांचे मिश्रण वरून लावले जाते. त्यासाठी मक्याच्या कणसाची साले एकत्र बांधून केलेला कुंचला वापरण्याची प्रथा आहे. हे मिश्रण कच्चे मांस घालण्यापूर्वीच वेगळे काढून ठेवणे सुरक्षित असते.

हृदय हा सतत काम करणारा स्नायू असल्याने त्याचे मांस घट्ट व कमी चरबीचे असते. पातळ काप, शिरक्यातील आम्लता आणि थोडा वेळ दिलेली तीव्र आच यांमुळे ते खाण्याजोगे मऊ राहते. जास्त वेळ भाजल्यास मात्र ते कोरडे व चिवट होते.

काटकसरीचा पदार्थ

आंतिकुचोचा कमी खर्च केवळ मांसाच्या स्वस्ताईमुळे नाही. साफ केलेल्या १ किलो मांसातून बऱ्याच काड्या होतात. सोबत उकडून भाजलेला बटाटा आणि 'चोक्लो' या टपोऱ्या दाण्यांच्या मक्याचा तुकडा दिला जातो. पोट भरण्याचे काम मुख्यतः हे दोन पदार्थ करतात, तर मांस चव व प्रथिने पुरवते. हृदयात लोह आणि ब-१२ जीवनसत्त्वही भरपूर असते. विक्रेत्याला शेगडी, कोळसा व काड्या यांपलीकडे फारसे भांडवल लागत नाही.

प्रकार

पेरूमध्ये कोंबडीचे मांस व अळंबी यांचेही आंतिकुचो केले जातात. त्याच शेगडीवर भाजलेल्या आतड्यांना 'चोंचोली' म्हणतात. बोलिव्हियात रात्रीच्या वेळी रस्त्यावर विकला जाणारा आंतिकुचो शेंगदाणे व पिवळ्या मिरचीच्या दाट रश्श्यासोबत देतात. चिलीमध्ये लांब काडीवर मांस, सॉसेज, कांदा आणि ढोबळी मिरची आलटून-पालटून ओवतात. १८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय उत्सवात हा प्रकार विशेष खाल्ला जातो. काडीवर भाज्या वाढवल्या की तेवढ्याच मांसात अधिक माणसांचे जेवण होते. मात्र भाज्या व मांस शिजण्यास लागणारा वेळ वेगवेगळा असल्याने तुकड्यांचा आकार त्यानुसार ठेवावा लागतो.