वर्गाबाहेरचा बाक

एडगर देगा या फ्रेंच चित्रकाराचे १८८२च्या सुमाराचे एक पेस्टल चित्र आहे. 'प्रतीक्षा' अशा अर्थाचे त्याचे नाव. बाकावर बॅलेच्या पोशाखातली एक मुलगी वाकून घोटा चोळते आहे. शेजारी काळ्या कपड्यांतली एक बाई, हातात छत्री. ती कोण हे चित्र सांगत नाही, पण पाहणारे बहुधा तिला मुलीची आई समजतात. वर्गाबाहेरच्या अशाच एका बाकावर मी नऊ वर्षे बसलो आहे. त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा त्या बाईकडे गेली.

पुण्यात माझी मुलगी सहाव्या वर्षी बॅले शिकू लागली. मला नृत्यातले काही कळत नव्हते, आजही फारसे कळत नाही. वर्ग सुटेपर्यंत करायचे काय, म्हणून मी वाचू लागलो आणि जुनी साधने गोळा करण्याची सवय तिथेच लागली. ती बारा वर्षांची असताना तिला रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या चौथ्या ग्रेडमध्ये 'डिस्टिंक्शन' मिळाले. त्याच वर्षी परदेशातल्या एका निवासी नृत्यशाळेने मात्र नकार कळवला. तिच्या खुब्याची ठेवण त्यांच्या अभ्यासक्रमाला पुरेशी नाही, असे पत्रात होते. मी ते पत्र दोन दिवस खिशात ठेवले. प्रमाणपत्र खरे की पत्र, हे मला कळेना. दोन्ही खरी होती. ती दोन निराळ्या इतिहासांतून आली होती, हे समजायला मला पुढची काही वर्षे लागली.

पत्राचा इतिहास जुना. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १७१३ साली, पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेचा पाया घातला गेला. सेंट पीटर्सबर्गमध्ये जाँ-बातिस्त लांदे या फ्रेंच नृत्यगुरूने १७३८ साली बारा मुलगे आणि बारा मुली घेऊन शाळा सुरू केली. ती मुले राजवाड्यातल्या नोकरचाकरांची होती. या शाळांना रंगमंचासाठी नर्तक तयार करायचे होते, त्यामुळे मूल आत घेताना पारखून घेतले जाई. पीटर्सबर्गला प्रवेशाच्या वेळी डॉक्टरही तपासणी करीत. इथे परीक्षा म्हणजे निवड.

त्या निवडीमागे घरची चूलही होती. मारी फान गोएतेम १८६५ साली पॅरिसमध्ये जन्मली. आईबाप बेल्जियन, बाप शिंपी, आई धुणी धुणारी. १८७८ साली मारी ऑपेराच्या शाळेत शिरली आणि १८८० साली परीक्षा देऊन नृत्यपथकात दाखल झाली. या परीक्षेवर मुलीची पायरी ठरे आणि तिच्याबरोबर पगारही. म्हणजे आईच्या दृष्टीने हा निकाल घरखर्चाचा होता. देगाने याच मारीला समोर उभे करून 'चौदा वर्षांची छोटी नर्तिका' हे मेणाचे शिल्प घडवले. सुमारे एक मीटर उंचीच्या त्या शिल्पाला खरे केस आणि खऱ्या कापडाचा पोशाख होता. १८८१ साली ते प्रदर्शनात मांडले, तेव्हा काही समीक्षकांनी तिच्या चेहऱ्याला माकडाची उपमा दिली. पुढच्याच वर्षी मारीला ऑपेरातून काढून टाकले. तिची धाकटी बहीण मात्र तिथेच नर्तिका झाली आणि पुढे त्याच संस्थेत शिक्षिका. आई एकच, घर एकच, शाळाही एकच. आईबापांनी काय केले म्हणजे काय होते, याचे गणित मांडू पाहणाऱ्याने या दोघी बहिणींपाशी थोडे थांबावे.

आना पावलोवाची आईही धुणी धुणारीच. १८९० साली तिने लेकीला मारिन्स्की थिएटरात 'स्लीपिंग ब्यूटी' दाखवले आणि मुलीने हट्ट धरला. पहिल्या खेपेस शाळेने तिला घेतले नाही. वय कमी होते आणि प्रकृती तोळामासा. १८९१ साली, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. तेव्हा आटोपशीर, भक्कम बांध्याच्या नर्तिका पसंत पडत. पावलोवा लांब हातापायांची, बारीक घोट्यांची, पावलांची कमान फार उंच. सोबतिणी चिडवत, पण पावेल गेर्ट या तिच्या गुरूंनी सांगितले की कसरती इतरांवर सोड, तुझा नाजूकपणा हेच तुझे बळ. नकारातले माप कायमचे नसते, एवढे यावरून म्हणता येते. प्रत्येक नाकारलेली मुलगी पावलोवा होते, असे मात्र म्हणता येत नाही. बाकावर बसलेल्या माणसाला हा फरक विसरायला फार आवडते. मीही विसरलो होतो.

तामारा कार्साविनाच्या घरी उलटाच प्रकार. वडील प्लातोन स्वतः नर्तक, पण रंगमंचाच्या अनुभवाने मन कडू झालेले. मुलीने या वाटेला जाऊ नये, असे त्यांना वाटे. आईने त्यांच्या नकळत एका निवृत्त नर्तिकेकडे तिची शिकवणी लावली. कळल्यावर वडिलांचा राग टिकला नाही आणि पुढे ते स्वतःच तिला शिकवू लागले. १८९४ साली ती शाही शाळेत दाखल झाली.

प्रमाणपत्राच्या इतिहासात हीच कार्साविना पुन्हा भेटते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली नृत्याचे वर्ग होते आणि शिकवणाऱ्याला शिकवता येते का, हे तपासायची कोणतीच सोय नव्हती. चुकीच्या शिकवणीने मुलांची शरीरे बिघडत. १८ जुलै १९२० रोजी 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी लंडनच्या ट्रोकाडेरो रेस्टॉरंटमध्ये नृत्यशिक्षकांना जेवायला बोलावले. त्या वर्षाअखेरीस संस्था उभी राहिली, तीच आजची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स. पहिल्या समितीत पाच देशांच्या परंपरा होत्या: डेन्मार्कच्या अॅडेलिन जेने, रशियाच्या कार्साविना, इटलीच्या लुचिया कोर्मानी, फ्रेंच परंपरेचे एदुआर एस्पिनोसा आणि इंग्लंडच्या फिलिस बेडेल्स. आधी परीक्षा आली ती शिक्षकांची, मुलांची मागाहून.

माझ्या खिशातल्या पत्राचे उत्तर मला या क्रमात सापडले. ही परीक्षा शिकवणी नीट चालली आहे का हे पाहण्यासाठी जन्मली. शिकवलेले मुलाने किती आत्मसात केले, संगीत कसे ऐकले, सादर कसे केले, हे ती मोजते. म्हणूनच आजही ग्रेड एक ते आठ ही वाट वेगळी आणि व्यवसायाकडे नेणारी 'व्होकेशनल' परीक्षांची वाट वेगळी. ग्रेडचे डिस्टिंक्शन हा शिक्षकाला आणि मुलाला दिलेला चोख हिशेब आहे. त्यात पुढचे वचन नाही. ते मी माझ्या मनाने वाचले होते.

आपल्याला हे अपरिचित वाटायला नको. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या गायनाइतक्याच कथक शिकणाऱ्या घरांनाही पाठ आहेत. विशारद झालेली प्रत्येक मुलगी मैफल गाजवेल, असे आपण धरत नाही. मग बॅलेच्या कागदापाशीच माझी बुद्धी का चळली?

निवडीचा एक दाखला मुंबईचाही आहे. मादाम मेनका म्हणजे लीला सोखे. त्यांचे पती साहिबसिंग सोखे हाफकिन संस्थेचे प्रमुख. पावलोवाच्या प्रोत्साहनाने मेनका भारतीय नृत्याकडे वळल्या आणि पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. १९२८ साली मुंबईत जन्मलेल्या दमयंती जोशींना त्या दत्तक घेऊ इच्छीत होत्या. मुलगी देऊन टाकायला आईबाप तयार झाले नाहीत. अखेर दोन्ही घरांनी मिळून तिला वाढवायचे ठरले आणि आई वत्सलाबाईंचा हात सुटला नाही. दमयंती लहान वयातच मेनकांच्या पथकात नाचल्या आणि १९७० साली कथकसाठी पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. मुलीला गुरूच्या घरी जाऊ द्यायचे आणि आपले आईपणही सोडायचे नाही, असा तिसरा मार्ग वत्सलाबाईंनी काढला. मला तो पॅरिस आणि पीटर्सबर्गच्या कागदांत सापडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी ते पत्र मुलीला दाखवले. तिने ते वाचले, घडी केली आणि विचारले, "बाबा, हे दोन दिवस तू काय करत होतास?" मी म्हणालो, "तुला वाईट वाटू नये म्हणून..." ती म्हणाली, "पण नाही म्हटलंय ते मला ना?"

ती पुढे आणखी तीन वर्षे शिकली आणि मग स्वतःहून थांबली. त्या तीन वर्षांत मी बाकावरच होतो, पण निकालाचे पाकीट आले की तिच्याआधी उघडत नव्हतो.