नत्रखत, फेरपालट आणि मुळांवरील अळी : अमेरिकेतील मका शेतीच्या इतिहासातील एक प्रकरण

मक्याच्या उत्पादनवाढीचा इतिहास लिहिताना खत आणि कीडनियंत्रण यांचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील मका पट्ट्याचा अनुभव पाहता ही विभागणी सोयीची असली तरी वस्तुस्थितीला धरून नाही. तेथे खताच्या मुबलकतेनेच एका किडीचा मार्ग मोकळा केला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी आयोवा, इलिनॉय या राज्यांतील शेतकरी मक्यानंतर ओट, क्लोव्हर वा लसूणघास घेत. द्विदल पिकांमुळे जमिनीला नत्र मिळे, हा फेरपालटीचा उघड हेतू होता. तिचे दुसरे कार्य मात्र सहसा हिशेबात धरले जात नसे. ‘वेस्टर्न कॉर्न रूटवर्म’ या भुंगेऱ्याची मादी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मक्याच्या शेतातील मातीत अंडी घालते. ती हिवाळाभर तशीच राहतात आणि पुढील हंगामातील अळी प्रामुख्याने मक्याच्या मुळांवरच जगते. त्या शेतात दुसरे पीक असल्यास ती उपाशी मरते.

युद्धकाळात स्फोटकांसाठी उभारलेले अमोनियाचे कारखाने युद्धोत्तर काळात खतनिर्मितीकडे वळले. नत्र पोत्यातून मिळू लागल्यावर द्विदल पिकांची निकड उरली नाही आणि मक्यावर मका घेण्याची पद्धत वाढली. १९३० पूर्वी एकरी सुमारे २६ बुशेल असलेले सरासरी उत्पादन १९६० मध्ये सुमारे ५५ बुशेलांवर गेले. (यात संकरित बियाण्याचा वाटा मोठा होता, हे नाकारता येत नाही.) परंतु अळीलाही आता दरवर्षी अन्न मिळू लागले. कुरतडलेल्या मुळांना पाणी व अन्नद्रव्ये पुरेशी शोषता येत नाहीत; म्हणजे विकत घेतलेले खत झाडापर्यंत पोहोचतच नाही. पुढे वारा सुटला की ताटे कोलमडतात.

नेब्रास्कात आल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही कीटकनाशके मातीत मिसळण्यात येऊ लागली. १९५९ च्या सुमारास ती निष्प्रभ ठरू लागली. कीड पूर्वेकडे सरकत १९६४ मध्ये इलिनॉयमध्ये आढळली. १९९० च्या दशकात तर तेथील काही भागांत माद्या सोयाबीनच्या शेतातही अंडी घालू लागल्या आणि फेरपालटीचा जुना आधारही डळमळला. २००३ मध्ये या अळीविरुद्धचा बीटी मका बाजारात आला. त्यालाही दाद न देणारी अळी २००९ मध्ये आयोवातील ज्या शेतांत आढळली, तेथे किमान सलग तीन वर्षे तोच मका घेतला गेला होता.