ज्याची ढाल पायांत होती



गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत नववीतला एक विद्यार्थी माझ्यापाशी आला. आदल्या रात्री त्याने वडिलांच्या मोबाइलवर मुहम्मद अलीची एक जुनी लढत पाहिली होती. त्याने विचारले, "सर, हा माणूस हात कमरेपाशी सोडून उभा राहतो, तरी त्याला मार कसा लागत नाही?" "चपळाई, बाळ!" एवढे बोलून मी वेळ मारून नेली. पण ते उत्तर अर्धेच होते, हे माझे मलाच ठाऊक होते. उरलेले अर्धे उत्तर देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुष्टियुद्धाचा पहिला धडा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. दोन्ही मुठी गालांपाशी, कोपरे बरगड्यांशी, हनुवटी खाली. यालाच 'गार्ड' म्हणतात. शरीर थकले, मन भांबावले तरी हात आपोआप तेथेच राहावेत, म्हणून उस्ताद महिनोन्‌महिने हाच सराव करवून घेतात. धडा कंटाळवाणा खरा, पण संकटकाळी कामास येतो तो हाच.

हा नियम मोडून जगज्जेता झालेला सर्वांत प्रसिद्ध मुष्टियोद्धा म्हणजे अली. अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरी, १७ जानेवारी १९४२ रोजी त्याचा जन्म झाला. तेव्हाचे नाव कॅशस क्ले. बाराव्या वर्षी त्याची सायकल चोरीस गेली. चोराला बडवून काढतो, असे तो तावातावाने सांगत असता ज्यो मार्टिन या पोलिसाने त्याला आधी लढायला शिकण्याचा सल्ला दिला आणि स्वतःच्याच तालमीत घेतले. पुढे सहा वर्षांनी, १९६० साली, रोमच्या ऑलिंपिकमध्ये या मुलाने सुवर्णपदक मिळविले.

हात खाली ठेवतो, ठोसा आला की मान मागे नेतो, हे सारे चुकीचे आहे, असे जुने जाणकार म्हणत. परंतु त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी ती ढब मोडली नाही. कारण त्या 'चुकी'मागे एक हिशेब होता. डोळ्याने पाहून शरीर हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. जलद ठोसाही जवळजवळ तेवढ्याच वेळात येऊन पोहोचतो. म्हणजे नुसत्या नजरेवर कोणी वाचू शकत नाही. अली वाचत होता तो अंतरामुळे. सहा फूट तीन इंच उंचीचा हा गडी सतत पायांवर नाचत प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्याच्या जरासा बाहेर राही. ठोसा थोडा अपुरा पडे आणि तेवढी उणीव तो कमरेतून मागे झुकून भरून काढी. हात खाली दिसले की समोरच्याला डोक्यावर मारण्याचा मोह होई, आणि डोके तर क्षणात हलणारे लक्ष्य! शिवाय अलीचा स्वतःचा डावा ठोसा खालून, नजरेच्या टप्प्याबाहेरून येई. थोडक्यात, लोक त्याच्या हातांकडे पाहून म्हणत, याला ढालच नाही. वस्तुतः ती ढाल त्याच्या पायांत होती.

या पद्धतीतला धोकाही लवकरच दिसला. १८ जून १९६३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हेन्री कूपरच्या डाव्या हुकने चौथ्या फेरीच्या अखेरीस त्याला जमिनीवर आणले. फेरी संपल्याची घंटा झाली, आणि पाचव्या फेरीत कूपरच्या डोळ्यावरील जखमेमुळे लढत थांबवून अलीला विजयी ठरविण्यात आले. विजयात चूक झाकली जाते, तसेच येथे झाले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी बाविसाव्या वर्षी त्याने सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळविले. त्यानंतर त्याने आपण मुस्लिम असल्याचे जाहीर केले आणि तो मुहम्मद अली झाला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे क्लीव्हलँड विल्यम्सला त्याने तीन फेऱ्यांत गारद केले. ती लढत पाहाल, तर ही कला ऐन बहरात कशी होती ते कळेल.

आणि येथेच इतिहासाने वळण घेतले. २८ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास अलीने नकार दिला. जगज्जेतेपद गेले, लढण्याचा परवाना गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, आणि जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्दही केली. पण मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० या काळात त्याची एकही लढत झाली नाही. पंचवीस ते अठ्ठावीस हे वय! ही वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

आकडेच पाहा. बंदीपूर्वी २९ लढती, पराभव शून्य. बंदीनंतर ३२ लढती, पराभव पाच. ८ मार्च १९७१ रोजी ज्यो फ्रेझरने त्याला पहिला पराभव दाखविला आणि पंधराव्या फेरीत खाली पाडले, तेही डाव्या हुकनेच. पाय आता सगळ्या फेऱ्यांत नाचत नव्हते. तेव्हा अलीला स्वतःविषयी एक नवी गोष्ट कळली : आपण मार सोसू शकतो. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे दोरांना टेकून, या वेळी हात वर घेऊन, त्याने जॉर्ज फोरमनचे घाव अंगावर झेलले आणि दमलेल्या फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केले. जगाने टाळ्या वाजविल्या. पण मित्रहो, मला वाटते, हीच त्याची सर्वांत महागडी विद्या ठरली. सरावातसुद्धा तो जोडीदारांकडून मार खाऊ लागला. १९७५ मध्ये मनिला येथे फ्रेझरशी चौदा फेऱ्या, १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे वज्राघात. २ ऑक्टोबर १९८० रोजी, अडतिसाव्या वर्षी, तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स पूर्वी त्याचाच सरावातला जोडीदार होता. दहा फेऱ्या एकतर्फी मार खाल्ल्यावर डंडी यांनी लढत थांबविली. १९८४ मध्ये पार्किन्सन रोगाचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. परंतु १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत पेटविताना ज्यांनी तो थरथरणारा हात पाहिला, त्यांना वेगळे काय सांगावे? ३ जून २०१६ रोजी तो अल्लाहच्या भेटीस गेला.

हे केवळ अलीचेच दुर्दैव म्हणावे काय? नाही. येमेनी आईबापांचा, इंग्लंडच्या शेफिल्ड शहरात जन्मलेला नसीम हमीद असाच हात सोडून लढे. ७ एप्रिल २००१ रोजी मार्को अँटोनिओ बरेरा या मेक्सिकन योद्ध्याने घाई न करता, गार्ड न सोडता, बारा फेऱ्या शांतपणे लढून त्याला आयुष्यातला एकमेव पराभव दाखविला.

रॉय जोन्सची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९९३ साली त्याने बर्नार्ड हॉपकिन्सला हरविले होते. जोन्सची विजेसारखी गती पाहून लोक थक्क होत. एकदा तर हात पाठीमागे नेऊन त्याने अचानक प्रतिस्पर्ध्याला लोळविले. पण पस्तिसाव्या वर्षी, मे २००४ मध्ये, अँटोनिओ टार्व्हरच्या एका ठोशाने तो दुसऱ्याच फेरीत कोसळला. हॉपकिन्सजवळ तशी वीज नव्हती. त्याच्याजवळ होता तो घोटलेला धडा : पावले कोठे, हनुवटी कोठे, हात कोठे. २०१० साली त्याने त्याच जोन्सला हरविले, आणि २०११ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला. वयाने जोन्सपेक्षा चार वर्षे मोठा असूनही!

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला द्यायचे उरलेले अर्धे उत्तर असे : बाळ, चपळाई ही अमानत आहे. ती मिळते तेव्हा आपण विचारत नाही, आणि परत घेतली जाते तेव्हाही कोणी आपल्याला विचारत नाही. गार्ड मात्र कमवावा लागतो, म्हणून तो उतारवयातही सोबत राहतो.

पालकहो, आमच्याही वर्गात अशी मुले असतात. एकदा ऐकले की त्यांना कळते. वही कोरी असली तरी सातवीपर्यंत पहिला नंबर त्यांचाच. घरी आपण कौतुकाने म्हणतो, "आमच्याला अभ्यास करावाच लागत नाही." मीही असे म्हणत आलो आहे. दहावीच्या आसपास तो पल्ला संपतो, आणि त्या वेळी त्या मुलाला हात कोठे ठेवावेत हेच ठाऊक नसते. दोष त्याचा नसतो. तो जिंकत होता, तोवर आपण टाळ्या वाजवीत होतो.

अलीची थोरवी यात उणी होत नाही. १९६७ साली सर्वस्व पणाला लावून त्याने दिलेला नकार ही चपळाई नव्हती. तो विचारपूर्वक धरलेला निश्चय होता. पाय थकले, हात थरथरले, वाचा मंदावली, तरी ते बळ अखेरपर्यंत त्याला सोडून गेले नाही.